दिवा लागतो, अर्थ लागत नाही

गेल्या जुलै महिन्यात शिक्षकांच्या एका शिबिरासाठी आम्ही चौघे कोल्हापूरहून मोटारीने रत्नागिरीला निघालो होतो. चौघेही विज्ञानातील पीएच. डी., त्यातले दोघे तर भौतिकीचे. आंबा घाटात शिरलो तेव्हा पाऊस थांबला होता, म्हणून वायपर बंद होते. पण ढग रस्त्यावर उतरले होते. पाहता पाहता समोरची काच पांढरी झाली. गाडी चालवणाऱ्या मित्राने काचेचे चित्र आणि त्यावर तीन नागमोडी बाण असलेले बटण दाबले. काच आणखीच पांढरी झाली. शेजारी बसलेल्याने हातरुमालाने ती आतून पुसली. फरक पडला नाही. मागून एक सल्ला आला, 'एसी बंद करा', लगेच दुसरा आला, 'एसी वाढवा'. शेवटी कशीबशी गाडी कडेला घेतली. खाली उतरून पाहतो तो धुके काचेच्या बाहेरच्या अंगाला! वायपर एकदा फिरवताच रस्ता दिसू लागला, आणि पुढच्याच वळणावरून एसटी येताना दिसली.

घरी परतल्यावर आम्ही गाडीबरोबर मिळालेली माहितीपुस्तिका काढली. चारशेहून अधिक पानांचे हे पुस्तक गाडी घेतल्यापासून प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर आले नव्हते, ही आमची चूक आधीच कबूल करतो. मग असे ठरवले की, एखाद्या विज्ञानविषयक ग्रंथाचे परीक्षण करावे तसे ही पुस्तिका आणि तिच्याबरोबर गाडीचा डॅशबोर्ड वाचून पाहायचा. ज्यांनी शाळा सोडल्यावर विज्ञानाचे पुस्तक उघडले नाही, अशांच्याही हाती तांत्रिक लेखनाचा हा नमुना येतो. तेव्हा त्याचे परीक्षण व्हायला हवेच.

आमचा मुख्य आक्षेप आरंभीच सांगतो. डॅशबोर्ड निष्कर्ष सांगतो, पण निरीक्षण सांगत नाही. आणि पुस्तिका आज्ञा देते, पण कारण देत नाही.

आधी श्रेय

परीक्षणात गुण आधी सांगावेत. डॅशबोर्डवरील चिन्हे मनमानी नाहीत. आयएसओ २५७५ या आंतरराष्ट्रीय प्रमाणकात ती ठरवून दिलेली आहेत. रंगांनाही अर्थ आहे. लाल म्हणजे धोका, ताबडतोब लक्ष द्या. पिवळा म्हणजे सावधान, काहीतरी बिघडले आहे किंवा बिघडू पाहत आहे. हिरवा म्हणजे एखादी यंत्रणा चालू आहे. निळा म्हणजे दूरचा प्रखर झोत लागला आहे. अक्षरओळख नसलेल्या चालकालाही हे कळू शकते. काही चिन्हे तर खरोखर हुशारीची आहेत. पेट्रोलच्या काट्याजवळील पंपाच्या चित्राशेजारी एक छोटा त्रिकोणी बाण असतो. टाकीचे झाकण गाडीच्या कोणत्या बाजूला आहे ते तो दाखवतो. फोर्ड कंपनीतील जिम मॉयलन यांनी १९८६ साली ही कल्पना सुचवली, आणि आज जगभरच्या गाड्यांत ती दिसते. एवढासा बाण, पण त्याला स्पष्टीकरण लागत नाही.

अडचण येते ती जेथे स्पष्टीकरण लागते तेथे.

काच, दव आणि एक बटण

काचेवरचे धुके म्हणजे दव. हवेचा दवबिंदू काचेच्या तापमानाहून वर असला की काचेवर पाणी साठते, हे आपण आठवी-नववीच्या वर्गात शिकवतो. प्रश्न एवढाच की कोणत्या बाजूची हवा? गाडीत चार भिजलेली माणसे असतील आणि एसी बंद असेल, तर आतली हवा दमट आणि काच बाहेरच्या वाऱ्याने थंड. म्हणून दव आत पडते. अशा वेळी एसी लावून कोरडी झालेली हवा काचेवर सोडावी. कारण एसीच्या थंड नळ्यांवरून जाताना हवेतील बाष्प तेथेच साठते आणि पाणी गाडीखाली गळून जाते. उलट, बाहेरची हवा बाष्पाने संपृक्त असेल आणि एसीचा गार झोत आतून काचेवर लागत असेल, तर काच बाहेरच्या दवबिंदूपेक्षा थंड होते आणि दव बाहेर पडते. तेव्हा उपाय नेमका उलटा: वायपर फिरवा आणि गार झोत काचेवरून हटवा.

आमच्या गाडीतले नागमोडी बाणांचे बटण एसी सुरू करते आणि झोत काचेकडे वळवते. पहिल्या प्रकारात ते औषध आहे, दुसऱ्या प्रकारात विष. ही सूचना पुस्तिकेत होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. 'अतिदमट हवेत हे बटण थंड स्थितीत वापरू नका' असे एका चौकटीत छापले होते. पण का वापरू नये, हे त्या चौकटीत नव्हते. कारण कळलेले नियम घाटात आठवतात. नुसते पाठ केलेले नियम नेमके तेथेच विसरतात. 'बोट लावून पाहा, धुके आत आहे की बाहेर' एवढे एक वाक्य असते तरी चौकट सार्थ झाली असती.

नळ की थर्मोस्टॅट?

आता तापमानाचे बटण घ्या. विलेट केम्प्टन या अमेरिकी संशोधकाने १९८६ साली घरातील थर्मोस्टॅटविषयी लोकांच्या समजुतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही लोक त्याला योग्य तापमान येताच यंत्र बंद करणारा नियंत्रक समजतात, तर काही लोक त्याला नळ समजतात. जास्त फिरवला की जास्त उष्णता येईल असे त्यांना वाटते. मोटारीत ही गल्लत अधिक अवघड होते, कारण तेथे दोन्ही प्रकार खरोखरच असतात.

ज्या गाडीत २२, २३, २४ असे आकडे दिसतात तेथे तो आकडा म्हणजे गाठायचे तापमान. उन्हात तापलेली गाडी लवकर थंड व्हावी म्हणून १८ लावले काय नि २४ लावले काय, सुरुवातीला यंत्रणा पूर्ण जोरानेच चालते. पण ज्या साध्या गाडीत निळ्यापासून लालपर्यंत फिरणारी कळ असते तेथे ती खरोखर नळासारखी असते. हवा आधी एसीत थंड होते. मग कळ जितकी लालकडे, तितकी त्या हवेतली अधिक हवा इंजिनाच्या गरम पाण्याच्या नळ्यांवरून जाते. म्हणजे कळ मधोमध ठेवली तर आपण हवा आधी थंड करतो आणि मग तीच गरम करतो. 'थोडे लालकडे ठेवले की पेट्रोल वाचते' असा समज आम्ही अनेकांकडून ऐकला आहे. अशा साध्या रचनेत त्याने जवळजवळ काहीच वाचत नाही. पंखा कमी केला तर थोडे वाचते. हे सांगायला पुस्तिकेला दोन वाक्ये लागली असती. तिने अर्धे पान कळीच्या छायाचित्राला दिले आहे.

हवा आतल्या आत फिरवण्याच्या बटणाचेही असेच. गाडीच्या चित्रात वळलेला बाण असलेले हे बटण 'जलद थंडाव्यासाठी वापरा' एवढेच पुस्तिका म्हणते. वास्तविक उन्हात उभी राहिलेली गाडी आतून बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते. तेव्हा आधी काचा उघडून ती हवा घालवावी, आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा थंड झाली की मग हे बटण दाबावे. आणि ते किती वेळ ठेवावे? हिशेब सोपा आहे. बसलेला माणूस ताशी सुमारे १५ ते २० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. १८ लिटर धरले तर चौघांचे ताशी ७२ लिटर, म्हणजे दहा मिनिटांत १२ लिटर. गाडीतली हवा सुमारे ३,००० लिटर. म्हणजे गाडी अगदी हवाबंद असेल तर दहा मिनिटांत ०.४ टक्के भर पडते. बाहेरच्या हवेतील प्रमाणाच्या सुमारे दहापट! प्रत्यक्षात फटींतून हवा येते, म्हणून आकडा कमी राहतो. पण लांबच्या रात्रीच्या प्रवासात सर्वांनाच जांभया येऊ लागल्या, तर चहाच्या टपरीआधी या बटणाकडे पाहावे.

दिव्यामागचे मोजमाप

सुखसोयींची चूक फार तर घाम काढते. दिव्यांची चूक इंजिन घेऊन जाते, कधी माणूसही.

तेलाच्या चोचदार चंबूचे लाल चित्र घ्या. ओळखीचे बरेचजण त्याला गमतीने अल्लाउद्दीनचा दिवा म्हणतात. या दिव्याचा अर्थ 'ऑइल कमी आहे' असा बहुतेकांना वाटतो, आणि 'पुढच्या गावात टाकू' म्हणून ते गाडी तशीच हाकतात. पण या दिव्यामागचे साधन ऑइलची पातळी मोजत नाही. ते दाब मोजते. इंजिनाचा फिरता दांडा आणि त्याचे बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो, आणि पंपाच्या दाबामुळे तेथे सतत नवे ऑइल पोचत राहते. दाब गेला की धातूवर धातू घासतो. पातळी पुरेशी असूनही पंप बिघडला तर दिवा लागेल. पातळी थोडी कमी असेल तर सपाट रस्त्यावर दिवा लागणारही नाही. मात्र घाटातल्या वळणावर ऑइल एका बाजूला सरकून पंपात हवा शिरली तर तो क्षणभर लुकलुकेल. म्हणून पातळी पाहायची तर दांडी ओढूनच पाहावी, आणि दिवा लागला तर इंजिन त्याच जागी बंद करावे. आम्ही नेहमी जातो त्या गॅरेजमधल्या मेकॅनिकने हे आम्हाला एका वाक्यात सांगितले: 'साहेब, तो दिवा म्हणजे रक्तदाब गेला, रक्त किती आहे ते नंतर बघू.' चारशे पानांच्या पुस्तिकेत असे एकही वाक्य नाही.

तापमानाच्या काट्याची कथा आणखी विचित्र आहे. पुष्कळ आधुनिक गाड्यांत तो तापमानाबरोबर सरळ हलत नाही. पाणी साधारण कामाच्या तापमानाला आले की काटा मधोमध येतो आणि पुढे बऱ्याच अंशांच्या चढउतारात मुद्दाम तेथेच ठेवला जातो; चालकाला उगाच काळजी नको म्हणून! प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने असा आलेख काढला तर आपण त्याला वाचन पुन्हा घ्यायला लावू. काही छोट्या गाड्यांत तर काटाच गेला. थंड इंजिनासाठी निळा आणि तापलेल्यासाठी लाल असे दोन दिवे उरले. अमेरिकेत अशा दिव्यांना पूर्वीपासून 'इडियट लाइट', म्हणजे मूर्खांचे दिवे, म्हणतात. मूर्ख कोण, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. मोजमाप कोठे होते, हेही येथे महत्त्वाचे आहे. तापमानाचा संवेदक पाण्यात बुडालेला असतो. सगळे पाणी गळून गेले तर तो नुसत्या हवेत राहतो आणि इंजिन भाजत असताना कमी तापमान दाखवू शकतो.

इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा हा तर सर्वांत मोघम संदेश. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना प्रदूषणाशी संबंधित बिघाड स्वतः ओळखणारी प्रमाणित यंत्रणा सक्तीची झाली. पुढे युरोपात आणि भारतातही ती आली. बिघाड आढळला की गाडीतला संगणक एक अक्षर व चार चिन्हे असा संकेत साठवतो. उदाहरणार्थ पी०४२० म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरील उत्प्रेरकाची कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेखाली. पण संगणकाने कार्यक्षमता मोजलेली नसते! त्याने मोजलेला असतो उत्प्रेरकाच्या आधीच्या आणि नंतरच्या ऑक्सिजन संवेदकांचा विद्युत् संदेश, बाकीचा निष्कर्ष. नळीला भोक पडून बाहेरची हवा आत आली किंवा संवेदकच म्हातारा झाला, तरी तोच संकेत येऊ शकतो. एवढी माहिती गाडीजवळ असते, पण चालकाला फक्त इंजिनाचे चित्र आणि 'अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा' ही आज्ञा मिळते. त्यातही स्थिर दिवा आणि लुकलुकणारा दिवा यांत फार अंतर आहे. लुकलुकणे म्हणजे बहुधा पेट्रोल सिलिंडरमध्ये नीट न जळता उत्प्रेरकात जाऊन जळत आहे आणि तो तापून निकामी होण्याच्या वाटेवर आहे. तेव्हा वेग तत्काळ कमी करावा. आमच्या पुस्तिकेत दोहोंसाठी तेच वाक्य छापले आहे.

आवाजाचे प्रमाण

धोका जितका मोठा, तितकी सूचना ठळक असावी. आमच्या गाडीत पट्टा न बांधल्याचा कर्कश आवाज होतो, दरवाजा नीट न लागल्याचा होतो, पण ऑइलचा दाब गेल्याचा दिवा मुकाट्याने लागतो. भारतात १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या मोटारींना ताशी ८० किलोमीटर ओलांडल्यावर अधूनमधून आणि १२० ओलांडल्यावर सतत वाजणारी सूचना सक्तीची झाली, तशीच पुढच्या दोन आसनांसाठी पट्ट्याची आठवणही. हे नियम योग्यच आहेत. पण सूचना कळली नाही, नुसती टोचली, की माणूस तिचे तोंड बंद करतो. पट्टा न बांधताच आवाज थांबवणाऱ्या खोट्या क्लिपा बाजारात खुलेआम विकल्या जात होत्या. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री मागच्या आसनावर असताना मरण पावले, तेव्हा पट्ट्याची चर्चा देशभर झाली. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्रेत्यांना अशा क्लिपा विक्रीतून काढायला लावल्या. क्लिप बंद झाली. पण ती विकत घ्यावीशी वाटणारी वृत्ती बंद करायची तर जडत्वाचा पहिला नियमच कामी येईल. गाडी थांबते, आपण थांबत नाही. आपल्याला थांबवणारे बल पट्ट्याने दिले नाही तर ते काच देते. आवाजामागचे हे कारण सांगण्याचे काम पुस्तिकेने केलेले नाही.

दुसरी बाजू

उत्पादकांच्या बाजूने एक गोष्ट नक्की बोलता येईल. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. अशा वेळी चालकापुढे लांबलचक वाक्य ठेवणे हाच धोका. म्हणून दिवा थोडक्यात बोलतो, आणि ते बरोबरच आहे. पण पुस्तिका कोणी ८०च्या वेगाने वाचत नाही. गाडी उभी असताना पडद्यावर चार ओळी दाखवण्यालाही काही आडकाठी नाही; गाणी दाखवायला पडदा असतोच. 'स्वतः काही करू नका, आमच्याकडे या' ही भाषा कायदेशीर जबाबदारीतून येते हे आम्ही समजू शकतो. मात्र तिच्यामुळे गाडीचा मालक आपल्याच गाडीत परका होतो. त्यातून आमची पुस्तिका इंग्रजीत, आणि गाडी फिरते महाराष्ट्रात. वडाप चालवून पोट भरणाऱ्या, मराठी शाळेत शिकलेल्या चालकाने ती वाचावी कशी?

वर्गासाठी

शिक्षकबंधू-भगिनींनो, आपण पुस्तिका बदलू शकत नाही, पण वाचक घडवू शकतो. कोणताही दिवा किंवा आकडा दिसला की विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत: काय मोजले? कोठे मोजले? कोणत्या मर्यादेला दिवा लागला?

एक उदाहरण पाहू. टायरमधील हवा कमी झाल्याचा दिवा थंडीत पहाटे लागतो आणि दुपारी विझतो. 'संवेदक बिघडला' असे म्हणून लोक तो विसरतात. आपण हिशेब करू. नेहमीची हवा ३३, म्हणजे दर चौरस इंचास ३३ पौंड. अमेरिकेच्या नियमानुसार दाब २५ टक्क्यांनी घटला, म्हणजे सुमारे २५ वर आला, की दिवा लागला पाहिजे. आपणही उदाहरणापुरती तीच मर्यादा धरू. समजा दुपारी ३२ अंश तापमानाला टायरात २७ हवा आहे. हा मापकावरचा दाब. त्यात वातावरणाचे १४.७ मिळवले की ४१.७. नाशिकच्या थंडीत पहाटे १० अंश झाले तर ४१.७ ला २८३ ने गुणून ३०५ ने भागा, येतात ३८.७. त्यातून १४.७ वजा केले की २४. म्हणजे दिवा लागणारच! जे विद्यार्थी वातावरणाचा दाब मिळवायला विसरतील त्यांचे उत्तर २५ येईल आणि दिवा लागावा की नाही यावर ते अडतील. संवेदक ठीक आहे. टायरात आधीपासूनच सहा पौंड हवा कमी होती आणि दुपारचे ऊन ती झाकत होते.

याच उदाहरणात 'काय मोजले' हा प्रश्नही विचारावा. काही गाड्यांत टायरमध्ये दाबमापकच नसतो. हवा कमी झालेले चाक किंचित लहान त्रिज्येने फिरते, म्हणून इतरांपेक्षा थोडे जलद फिरते. ब्रेकच्या यंत्रणेतील संवेदक तो फरक पकडतात. मग चारही टायरांतील हवा सारखीच कमी झाली तर? नुसती तुलना करणाऱ्या यंत्रणेला ते कळणे अवघड आहे. हे उत्तर विद्यार्थी स्वतः शोधतील, असा आमचा अनुभव आहे.

रत्नागिरीच्या शिबिरात आम्ही ठरवलेला विषय बाजूला ठेवून आधी घाटातली काचच सांगितली. एका शिक्षिकेने शांतपणे विचारले, 'सर, बोट लावून पाहिलं नाहीत का?' आम्हा चौघांकडे त्याचे उत्तर नव्हते.